रॉबिन कुणाच्या मागं

१

एम्रिसच्या खुब्याचं ऑपरेशन सप्टेंबरात झालं आणि बाग माझ्या गळ्यात पडली.

बाग त्याची होती. बटाटे त्याचे, कांद्याच्या जातीचे लीक त्याचे, भिंतीला टेकवून वाढवलेलं नासपतीचं झाड त्याचं. माझ्याकडे स्वयंपाकघर आणि कोंबड्या. लग्न झाल्यापासूनची वाटणी, कधी कुणी मोडली नव्हती. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उंच पाठीच्या खुर्चीत बसायचा, मांडीवर दुर्बीण, बाजूला वॉकर, आणि मी बाहेर त्याच्या हुकमावर राबायची. खिडकीची वरची झडप तो मुद्दाम उघडी ठेवायचा. तिथून ओरडायचा.

"नेस! पानं गोळा करायचीत, जमीन नाही खरवडायची! दाताळं हलक्या हातानं धर!"

"मग ये की तूच!"

"आलो असतो. पाय कुठाय?"

"जीभ आहे ना शाबूत? तिनं गोळा कर."

आमचं बोलणं हे असंच. पलीकडच्या सफरचंदांच्या बागेतली मॉड म्हणायची, तुमच्या घरातनं भांडणाचा आवाज आला नाही ना, तर मी आधी डॉक्टरला फोन करीन.

त्या वर्षी ऑक्टोबर मोठा देखणा होता. सकाळी टेकडीवर धुकं, दुपारी मधासारखं ऊन, आणि चार वाजले की ओल्या पानांचा वास घेऊन गारठा खाली उतरायचा. काटेरी हॉथॉर्नच्या फांदीला दाण्याची नळी टांगलेली होती. निळे टिट पक्षी तिथं दिवसभर हमरीतुमरीवर यायचे, खाली सांडलेलं काळा कस्तूर टिपायचा, आणि कुंपणावर रानकबुतरं पोट फुगवून बसायची. एम्रिस त्यांच्यावर नजर ठेवून असायचा. पण त्याचा जीव होता तांबड्या छातीच्या रॉबिनवर.

रॉबिनचं एक असतं. कुणी खणायला लागलं की तो पायाशी येऊन उभा राहतो. लोक त्याला माया म्हणतात. माती उलटली की गांडुळं वर येतात, एवढीच ती माया. फावडं एक पाऊल सरकलं की तो एक उडी सरकतो, आणि मधूनच मान वर करून तोंडाकडे बघतो, काय थांबलात म्हणून. एम्रिस इथं खणत होता तोवर त्याच्या मागं कायम एक रॉबिन असायचाच. ह्या वेळी तो माझ्या मागं आला. पहिले काही आठवडे मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

मग एका सकाळी मी लसणासाठी वाफा खणायला घेतला, आणि तो आला नाही.

२

आधी वाटलं, शेजारच्या मांजरानं खाल्ला. पण तो होता. बागेच्या पार तळाशी, हेझलच्या झुडपांच्या कुंपणाजवळ, क्विन्सच्या झाडाखाली. तिथं आम्ही काही लावत नाही. सावली, ओल आणि नुसतं गवत.

मी फावड्यावर रेलून पाहत राहिले. तो एक उडी पुढं गेला. थांबला. खाली चोच मारली, काहीतरी ओढून गिळलं. मग मान वाकडी करून वर पाहिलं. जमिनीवरनं माणसाचं तोंड जिथं दिसेल, बरोबर तिथं. परत एक उडी.

समोर कुणी नव्हतं.

मी हाक मारली, चुचकारलं, ताजी उलटलेली माती फावड्यानं थोपटली. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पक्ष्याचा कसला आलाय रुसवा, असं मनाशी म्हणत मी खाली चालत गेले. तो हेझलमध्ये उडाला आणि तिथून टिक्-टिक् करत राहिला, चोर आला की करतात तसा. क्विन्सखालचं गवत निघालेलं होतं. एक अरुंद पट्टा, माणसाच्या खांद्यांएवढा रुंद. माती काळी, मऊ, नुकतीच उलटलेली. हात लावला तर आत ऊब होती. आता, सडणाऱ्या पानांना ऊब असतेच. खताच्या ढिगातून तर वाफा निघतात. मी हात कोटाला पुसला आणि वर आले.

"छान खणलंस तिकडं खाली," एम्रिस चहाच्या वेळी म्हणाला. तोंडावर नेहमीचा खवचटपणा नव्हता. "पण तिथं लावणार काय आहेस?"

"मी नाही खणलं."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं बिस्किट चहात बुडवलं.

३

दुसऱ्या दिवशी मी मॉडकडे सफरचंदं निवडायला गेले होते. परत आले तर एम्रिस खुर्चीत लाल होऊन बसलेला.

"बहिरी झालीस का? घसा फुटेस्तोवर हाका मारल्या."

"मी इथं नव्हतेच. मॉडकडे होते."

"खाली होतीस. क्विन्सपाशी. कोट घालून, पाठमोरी. मला पाणी हवं होतं आणि बाईसाहेब मान वर करायला तयार नाहीत!"

"एम्रिस, ही बघ सफरचंदं. ही काय मी क्विन्सच्या झाडावरनं काढली?"

त्यानं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डोळे बारीक केले.

"मला वेडा ठरवायचंय तुला."

"तुला वेडा ठरवायला मी कशाला कष्ट घेऊ? तुझा तू समर्थ आहेस."

भांडण झालं, संपलं. पण रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी धुताना मी गोळ्यांच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. गुंगी येऊ शकते, भास होऊ शकतात. चला, म्हणजे हे होतं तर. मला हायसं वाटलं. दुखणं कमी झालं की गोळ्या बंद, गोळ्या बंद झाल्या की भास बंद.

सकाळी पट्टा लांब झालेला होता. घराच्या दिशेनं.

गोळ्या एम्रिस खात होता, मी नाही. मी गुडघ्यांवर बसून नीट पाहिलं. फावडं जिथं शिरतं तिथं मातीला सरळ, चकचकीत काप पडतो. इथं तसा काप कुठंच नव्हता. कडेला मात्र चर होते, चार-चार शेजारी, वर रुंद आणि खाली निमुळते. बोटांनी ओरबाडल्यासारखे.

रात्री बिळातून निघणारा बिजू, मी ठरवलं. बिजू असंच खणतो, पंजानं. हिवाळ्याआधी गांडुळांवर तुटून पडतो.

तरी घरात आल्यावर मी आधी स्वतःची नखं पाहिली. माझी आई शेवटच्या वर्षांत घरातल्या वस्तू कुठंकुठं पुरून ठेवायची आणि मला तर आठवतच नाही म्हणायची. तिचं वय तेव्हा माझ्याएवढंच होतं. नखं स्वच्छ होती. पण बागकाम करणाऱ्या बाईची नखं इतकी स्वच्छ कशी, हा विचार मग मला झोपू देईना.

४

मॉडला मी बिजूचा माग बघायला बोलावलं. सत्तरीची, दणकट, पुरुषी बुटांची बाई. तिच्या रानात बिजूची बिळं आहेत, तिला सगळं कळतं.

ती पट्ट्याच्या कडेनं चालत गेली. तोवर तो बटाट्यांच्या रिकाम्या वाफ्यापर्यंत आला होता, कुठंही न वळता. दोरी लावून आखल्यासारखा.

"बिजू असा सरळ जात नाही," ती म्हणाली.

"मग कोल्हा?"

"नेस्टा, माझी चेष्टा चालवलीयस का?"

"कसली चेष्टा?"

"अगं, काल दुपारी मी कुंपणापलीकडच्या वाटेनं ट्रॅक्टर घेऊन जात होते. तू इथं गुडघ्यांवर होतीस. हात केला तुला. तू वळलीपण नाहीस. मला वाटलं, झालं असेल नवऱ्याशी कडाक्याचं." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण हातानं का खणत होतीस गं? कोपरापर्यंत आत घालून? घरात फावडं नाही का?"

काल दुपारी मी वर झोपायच्या खोलीत चादरी बदलत होते. मॉडला गोळ्या नव्हत्या. मॉडची नजर अशी, की डोंगरावरची मेंढी कुणाची ते सांगते.

"तू तोंड पाहिलंस माझं?"

"पाठ पाहिली. तुझा हिरवा कोट. बाहीच्या काठाला तपकिरी दोऱ्यानं शिवलेला. दुसऱ्या कुणाचा असणार?"

मॉडनं बुटाच्या टोकानं मातीचं ढेकूळ उलटलं आणि पाय पटकन मागं घेतला, चुलीवर पडल्यासारखा.

"ह्यात काही पेरू नकोस," ती म्हणाली. "आणि एम्रिसला घेऊन काही दिवस त्याच्या बहिणीकडे जा. हवापालट होईल."

"का?"

"मी फक्त म्हटलं बाई," असं म्हणून ती निघाली. जाताना फाटकाची कडी तिनं दोनदा तपासली.

मी खरंच एम्रिसच्या बहिणीला, डिलिसला, फोन केला. ती शहरात एकटी राहते, खालच्या मजल्यावर रिकामी खोली आहे, पायऱ्या नाहीत. शनिवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

"मी कुठंही जाणार नाही," एम्रिस म्हणाला.

"का? डिलिसकडे काय काटे आहेत?"

"इथं बरं चाललंय माझं." खिडकीबाहेर बघतच बोलला. "सोबत असते."

५

त्या दुपारी त्याला खुर्चीतून, स्वयंपाकघरातच मांडलेल्या पलंगावर निजवलं. झोप लागल्यावर मी त्याच्या जागी जाऊन बसले.

बाहेरून मला कधीच काही दिसलं नव्हतं. मी पट्ट्याशेजारी तासन्‌तास उभी राहिले होते. रॉबिन उड्या मारायचा, वर बघायचा, आणि समोर मोकळी हवा. एम्रिसला मात्र रोज दिसायचं, ह्या खुर्चीतून. एकदा बसून पाहायचं आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं. खुर्चीत त्याच्या अंगाचा खळगा पडलेला होता. भांड्यांच्या कपाटावरचं घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या पाठीशीच, दारामागच्या खुंटीला माझा हिरवा कोट लटकत होता. तो मी मुद्दाम पाहून घेतला.

टिट दाण्यांवर भांडत होते. कस्तूर पानं उडवत होता. बागेत माणूस आलं की ही सगळी मंडळी आधी पसार होतात; मी दार उघडलं तरी होतात. आत्ता ती निवांत होती.

रॉबिन कुंपणावरनं खाली उतरला. मी दुर्बीण लावली. त्याची तांबडी छाती गोलात आली, इतकी जवळ की पिसं वाऱ्यानं विस्कटलेली दिसावीत. त्यानं एक उडी मारली.

त्याच्याशेजारी एक हात होता.

उताणा, मातीवर टेकलेला. रॉबिन त्या बोटांतून काहीतरी उचलून खात होता. माझ्या हातून त्यानं कधी खाल्लं नव्हतं, एम्रिसच्याही नाही. बोटं लांब नव्हती, काळी नव्हती, काही म्हणजे काही विचित्र नव्हतं त्यांत. थंडीनं लाल पडलेली, सांधे सुजलेली, बागकाम करणाऱ्या बाईची बोटं. करंगळी जरा आत वळलेली. माझी तशीच आहे, लहानपणी दारात सापडली होती.

मी दुर्बीण वर सरकवली. हिरवी बाही. तपकिरी दोरा. वाकलेली पाठ, पांढरे केस, मानेवर निसटलेली पिन.

डोळे न काढता मी डावा हात मागं नेला आणि दारामागं चाचपलं. कोट खुंटीला होता. लोकर हाताला लागली.

आणि तेवढ्यात ती पाठ थांबली. हाक ऐकू आल्यावर माणूस थांबतं तशी. मग खांदे हळूहळू वर यायला लागले, सरळ व्हायला लागले, आणि मानेचा काठ वळला. गाल दिसला. त्या गालाखाली काहीतरी हलत होतं, खळखळून हसू आल्यावर हलतं तसं, पण ते थांबतच नव्हतं.

मी दुर्बीण खाली टाकली. नुसत्या डोळ्यांना बाग रिकामी होती. फक्त रॉबिन. तो आता वर बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता.

"दिसली ना?" पलंगावरनं एम्रिस म्हणाला. तो जागा होता. कधीपासून कोण जाणे.

"कोण?"

"तू."

"ती मी नाही, एम्रिस!"

"तेही आहेच," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे कूस बदलली.

६

शनिवारपर्यंत दिवस काढायचे होते. मी मागचं दार कुलूपबंद केलं, खिडकीला पडदा लावला. तो पडदा एम्रिसनं वॉकरनं ओढून फाडला. आम्ही असे भांडलो की आधीची सगळी भांडणं थट्टा वाटावीत. पट्टा बटाट्यांच्या वाफ्यातून निघाला, लीकच्या रांगा मधोमध कापत आला आणि स्वयंपाकघरासमोरच्या फरशीला टेकला. तिथं थांबला. मी फरशीवर उभी राहून विचार केला, दगड आहे, पुढं जाता येणार नाही.

गुरुवारी त्याच्या गोळ्या संपल्या. वेदना सुरू झाल्या की तो कळवळायचा. ते बघवत नव्हतं. औषधाचं दुकान गावात नाही, बसनं जावं लागतं. मी मॉडला त्याच्यापाशी बसायची गळ घातली.

"मी येईपर्यंत उठायचं नाही. शप्पथ घे."

"बसते गं. विणकाम आणलंय. एम्रिसला माझ्या बडबडीची सवय आहे."

"आणि दार उघडायचं नाही. कुणालाही."

मॉडनं मान हलवली. का म्हणून विचारलं नाही.

येताना बस उशिरा आली. मी फाटकाशी उतरले तेव्हा ऊन कलत होतं, आणि मॉड वाटेनं स्वतःच्या घरी चाललेली दिसली. हातात विणकामाची पिशवी.

"मॉड! एकटं सोडलंस त्याला?"

ती वळली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या औषधाच्या पिशवीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड पिठासारखं पांढरं झालं.

"तू... तू आलीस ना मघाशी. मागच्या दारानं. मी पुढच्या खोलीत होते, नळ सोडल्याचा आवाज आला. हात धूत होतीस बराच वेळ. एम्रिस तुझ्याशी बोलत होता. हसत होता, नेस्टा! मी म्हटलं, आली ही, आता आपण कशाला मध्ये..."

पुढचं मी ऐकलं नाही.

मागचं दार सताड उघडं. नळ चालू. खुर्ची रिकामी. वॉकर जिथल्या तिथं, भिंतीला टेकून ठेवलेला. माझा नवरा वॉकरशिवाय संडासापर्यंत जाऊ शकत नव्हता.

तो फरशीच्या कडेला होता, पट्ट्यात. तिथं पट्टा खोल केलेला होता, माणसाच्या लांबीचा. तो कुशीवर निजला होता, उशीवर ठेवावा तसा गालाखाली हात घेऊन, आणि माती त्याच्या कमरेपर्यंत ओढलेली होती. ढकललेली नव्हती. अंगाभोवती नीट खोचलेली, आजारी मुलाला पांघरूण घालावं तशी. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर इतकं समाधान मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. रॉबिन मातीच्या कडेवर बसून गात होता.

मी गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. कोपरापर्यंत. ती ऊबदार होती, आणि मी जितकी उपसावी तितकी ती परत खाली घसरत होती, जड, कुणीतरी पलीकडून लोटल्यासारखी. मॉड धापा टाकत आली आणि तिनं त्याचे खांदे धरले. आम्ही ओढलं. मातीनं त्याचा पाय सोडला तेव्हा ओला, चोखल्यासारखा आवाज झाला.

एम्रिसनं डोळे उघडले. मला पाहिलं. आणि मूठ आवळून माझ्या तोंडावर मारली.

"सोड!" तो ओरडला. "सोड मला! हिला लांब करा!"

७

हॉस्पिटलात त्याचा खुबा परत बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, औषधांचा परिणाम, ह्या वयात भ्रम होतो, तुम्ही मनावर घेऊ नका. माझा ओठ फाटलेला होता. नर्सनं मला आत सोडायच्या आधी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी डिलिसनं त्याला झापलं तेव्हा मला दोन मिनिटं मिळाली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले.

"तिनं तुला फसवलं, एम्रिस. तुला वाटलं मी बोलावतेय."

"मला कुणी फसवलं नाही." आवाज शांत होता. "मला ठाऊक होतं ती तू नाहीस."

"मग गेलास कशाला?"

"तिनं हाक मारली. 'ये रे राजा, दमलास,' म्हणाली. हात दिला. पाय मुळीच दुखला नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "तू असं कधी बोलावलंयस मला? आठवून सांग. एकदा तरी."

"तुला आंघोळ मी घालते," मी म्हणाले. "तुझं भांडं मी धुते. तुझी बाग मी खणली. गोड बोलायला वेळ कुठला उरतो?"

"हेच," तो म्हणाला. "हेच ते."

मग त्यानं घंटा दाबली आणि नर्सला म्हणाला, ह्या बाईंचं झालंय.

त्याला डिलिसच्या घरी नेलं. मी आमच्याच घरी राहिले. मॉड म्हणाली, माझ्याकडे ये. पण कोंबड्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मी चिडले होते. माझं घर, मी का सोडू? मी फरशीपुढची माती बुजवली, बुटांनी तुडवून घट्ट केली. ती थंड होती. साधी माती. दिवसच्या दिवस मी खिडकीत बसले, दुर्बीण लावून. पानं गळून संपली. टिट आले, कस्तूर आला, कबुतरं आली. कुणी खणत नव्हतं. पट्ट्यावर बारीक गवत उगवायला लागलं. गेली, मी म्हटलं. काय होतं ते गेलं.

रॉबिनही दिसेनासा झाला होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

८

नोव्हेंबर सरत आल्यावर राग उतरला. म्हटलं, आता पुरे. आपणच एक पाऊल मागं घ्यावं. दुपारच्या जेवणानंतर मी डिलिसला फोन लावला.

"कोण?"

"मी. नेस्टा. कसा आहे तो?"

पलीकडे खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"अगं, नेस्टा! आवाज ओळखत नाहीस?"

"हे बघा," डिलिस म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, रागानं का भीतीनं कळेना. "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. आवाज अगदी हुबेहूब काढलाय. पण आजाऱ्याच्या घरी असली थट्टा शोभत नाही. नेस्टा आत बसलीय त्याच्यापाशी. रोज येते बिचारी. कधी नव्हे ते माझ्या भावाच्या तोंडावर हसू आलंय. परत फोन करू नका."

फोन ठेवला.

मी कोट घातला, निघाले. बस मिळाली. वाटभर माझ्या तोंडातून एकच वाक्य येत होतं, "ये रे राजा, दमलास." मी ते पुन्हापुन्हा म्हणून बघत होते. शेजारच्या बाईनं जागा बदलली. किती साधे शब्द आहेत, पण माझ्या तोंडून ते धमकीसारखे निघत होते.

डिलिसची गल्ली उताराची आहे, घरं रस्त्याला लागून. त्याची खोली समोरचीच. दिवे लागायची वेळ होती आणि त्या खिडकीत दिवा लागलेला होता, पडदे उघडे. मी पलीकडच्या फुटपाथवर थांबले.

एम्रिस खिडकीजवळच उशांना टेकून बसला होता. जाड झाला होता, गालांवर रंग होता. पलंगाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं, त्याच्यावर वाकून, चमच्यानं काहीतरी भरवत. पांढरे केस. हिरवी बाही. चमचा वर जायचा, तो तोंड उघडायचा, आणि दोघांच्या मध्ये काहीतरी बोलणं चाललेलं होतं, हळू, न संपणारं. मी इतक्या वर्षांत त्याला इतका वेळ गप्प बसून ऐकताना पाहिलं नव्हतं.

मी रस्ता ओलांडला. काचेला हात टेकला. मला हाक मारायची होती. काय म्हणून मारायची तेही मी ठरवलं होतं.

त्या पाठीच्या खांद्यावरनं त्याची नजर वर आली. त्यानं मला पाहिलं. ओळखलं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो भ्रमात नव्हता. इतके स्वच्छ डोळे त्याचे मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. चमचा मध्येच थांबला. ती पाठ सरळ व्हायला लागली, मान वळायला लागली. त्यानं पटकन तिच्या गालावर हात ठेवून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं, हळुवार, तिला काही दिसू नये म्हणून.

मग दुसरा हात त्यानं वर उचलला. मला वाटलं, मला बोलावतोय.

त्यानं पडदा ओढून घेतला.